वीस बेदाणे आणि आबाच जिंकतात: पहिली चाल तोट्याचीच असते का?

बागायतदारीण_तासगाव
बेदाणा निवडायचं काम चालू असलं की दुपारी आमचे सासरे आणि माझी मुलगी (चौथीत आहे) एक खेळ खेळतात. वीस बेदाणे मांडायचे, आळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायचे. शेवटचा ज्याच्या हाती लागेल तो जिंकला. आबा दरवेळी म्हणतात, "तू ल्हान हैस, तू आधी उचल." आणि दरवेळी तेच जिंकतात. काल पोरगी रडत म्हणाली, "आई, मला डोकंच नाही." ते ऐकून रात्री माझा डोळा लागला नाही.

एक मात्र ध्यानात आलंय. आबा प्रत्येक डावाआधी बेदाणे मोजतात. परवा हिनं मांडता मांडता एक तोंडात टाकला, तर आबांनी लगेच डब्यातून दुसरा आणून ठेवला. एका बेदाण्यानं एवढं काय बिघडतं?

मिरज_गणित
ताई, सगळं त्या एकावरच आहे. शेवटाकडून बघा. चार बेदाणे उरलेत आणि पाळी तुमची आहे. एक उचला, दोन उचला नाहीतर तीन, उरलेले समोरचा एकदम उचलणार. म्हणजे चारावर ज्याची पाळी तो हरला. आठावर असाल तर तुम्ही एक घेतला की आबा तीन घेणार, तुम्ही दोन घेतले की दोन, आणि तुम्हाला चारावर आणून सोडणार. बाराचं, सोळाचं, विसाचंही तेच. परवा 19 वर खेळ सुरू झाला असता तर हिला तीन उचलून आबांना 16 वर बसवता आलं असतं. पोरीला डोकं आहे हो, तिला जागाच हरण्याची मिळते.

कृष्णाकाठ
पहिल्याचा तोटाच असतो असं नाही. फुली-गोळ्यात दोघंही चुकले नाहीत तर बरोबरी होते. उभ्या चौकटीत सोंगट्या टाकून चार एका ओळीत आणायचा खेळ असतो ना, त्यात पहिलाच हमखास जिंकू शकतो, हे 1988 मध्ये सिद्ध झालं.

आबांना एकदा 3, 5 आणि 7 बेदाण्यांचे तीन ढीग मांडून द्या. एका वेळी एकाच ढिगातून कितीही उचलायचे, शेवटचा उचलेल तो जिंकला. इथे पहिली चाल पोरीनं घ्यावी आणि कुठल्याही ढिगातला एकच बेदाणा उचलावा. पुढं न चुकता खेळली तर डाव तिचाच. या खेळाची पूर्ण उकल हार्वर्डच्या चार्ल्स बूटननं 1901 मध्ये छापली, 'निम' हे नावही त्याचंच.

शाळामास्तर_विटा
ताई, कळकळीनं सांगतो, तिला उत्तर सांगू नका. आज फक्त चार बेदाणे मांडा, उद्या पाच, परवा सहा. पाचावर एक उचलला की समोरचा अडकतो, हे तिचं तिला दिसू द्या. वर्गात हे मी चिंचोक्यांवर घेतो. पोरं आठापर्यंत पोचली की पुढचं आपणच बोलायला लागतात.

बागायतदारीण_तासगाव
मास्तर, तसंच केलं. चौथ्या दिवशी हिनं वीस बेदाणे मांडले, मोजले आणि म्हणाली, "आबा, आज तुम्ही आधी." आबा बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बरं, आज चारपर्यंत उचलायचे."

ती लगेच काही बोलली नाही. बेदाण्यांचे पाच-पाचाचे ढीग लावून बघितले, परत एका ओळीत मांडले. "तरीपण तुम्हीच आधी."