काथ्याच्या मॅटच्या दुरुस्तीसाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. कोल्हापूरच्या फुटबॉलवेड्या पेठेत आमचा छोटा हौशी क्रिकेट क्लब वर्गणीवर चालतो (१९४८ साली नाबाद ४४३ धावा काढणारे भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचेच, हे नव्या मुलांना मुद्दाम सांगावे लागते). पावसाळ्यात गुंडाळून ठेवलेली, खेळपट्टीवर अंथरायची काथ्याची मॅट ओल लागून गुड लेंग्थच्या जागी (फलंदाजासमोर चांगला चेंडू टप्पा घेतो तिथे) हातभर विरली असून, तिथे पडलेला चेंडू कधी घोट्याखालून सरपटतो, तर कधी थेट हनुवटीपाशी उसळतो. कडा आणि खिळ्यांची भोके मात्र शाबूत आहेत. दिवाळीनंतर सामने सुरू होतील. तेवढाच भाग कापून नवा तुकडा शिवल्यास तो टिकेल का, की अख्खी मॅटच बदलावी लागेल, आणि असे शिवणकाम शहरात कोण करून देते, हे जाणकारांनी कृपया कळवावे.