मदत हवी आहे: हजार यार्डांसाठी स्कोप एमओएचा घ्यावा की मिलचा?

नमस्कार मंडळी,

सध्या मुक्काम अ‍ॅरिझोनात, फिनिक्सला. इथल्या बेन एव्हरी रेंजवर हजार यार्डांपर्यंत एफ-क्लास, म्हणजे स्कोप लावून झोपून केलेली लांब पल्ल्याची नेमबाजी, चालते. त्यातल्या एफ-टीआर गटात उतरायचं पक्कं केलंय. रायफलही ठरली, ३०८ विंचेस्टर काडतुसाची. घोडं अडलंय ते स्कोपपाशी, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीपाशी.

कोल्हापुरात कॉलेजात असताना १० मीटर एअर रायफल केली. तिथे स्कोप नसतोच, बारीक छिद्रातून नेम धरायची पीप साइट असते. छर्रा डावीकडे लागला की साइटची चकती दोन क्लिक, म्हणजे दोन खाचा, उजवीकडे, विषय संपला. एका क्लिकचा कोन किती, हे विचारायची वेळच येत नाही.

आता आकडेमोड करून बसलोय. एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० यार्डांवर १.०४७ इंच. मिल म्हणजे रेडियनचा हजारावा भाग, १०० मीटरवर १० सेंटिमीटर. एका मिलमध्ये ३.४३८ एमओए. आपलं डोकं सेंटिमीटरमध्ये चालतं, म्हणून ओढा मिलकडे आहे. पण हजार यार्डांवर ०.१ मिलचा एक क्लिक गोळी ३.६ इंच हलवतो, पाव एमओएचा २.६ इंच. तिथल्या टार्गेटवर एक्सचं, म्हणजे सगळ्यात आतलं, वर्तुळ जेमतेम ५ इंचांचं! मधोमध लागणारी गोळी मिलच्या एका क्लिकने एक्सच्या बाहेर जाते.

त्यात एक ओळखीचे गृहस्थ जुना स्कोप स्वस्तात देतायत. रेटिकल (आत दिसणाऱ्या नेमाच्या खुणा) मिल-डॉट, म्हणजे एकेका मिलवर ठिपके असलेलं, पण टरेट (नेम हलवायच्या चकत्या) पाव एमओएच्या क्लिकचे. घेऊ का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १:
तो स्कोप अजिबात घेऊ नका. रेटिकलमध्ये चूक दीड मिल दिसली, तर टरेट फिरवण्याआधी ३.४३८ ने गुणायचं, तेही घड्याळ चालू असताना आणि वारा बदलत असताना. रेटिकल आणि टरेट एकाच मापाचे हवेत, यात तडजोड नको.

सेंटिमीटरचा विचारही सोडा. रेटिकलवर मोजायचं, तेवढंच टरेटवर फिरवायचं. इंच-सेंटिमीटर मध्ये येतातच कुठे? निर्णय टार्गेटवर सोडा. एफ-क्लासची वर्तुळंच एमओएवर आखलेली आहेत: एक्सचं वर्तुळ साधारण अर्ध्या एमओएचं, दहा गुणांचं एका, नऊ गुणांचं दोन. शेजारचा नेमबाजही वारा एमओएतच सांगणार. तुमच्यासाठी एमओए, आणि जमलं तर १/८ चे क्लिक, म्हणजे हजारावर १.३ इंच. पीआरएस (वेगवेगळ्या अंतरांवरच्या टार्गेटांची रायफल स्पर्धा) खेळणार असता तर डोळे झाकून मिल सांगितलं असतं, तिथे सगळं बोलणं मिलमध्येच चालतं.

वजनाकडेही बघा. एफ-टीआरला स्कोप आणि बायपॉड (रायफलचा दोन पायांचा टेकू) धरून ८.२५ किलोची मर्यादा आहे.

धागाकर्ता:
मनापासून आभार, तो स्कोप नाकारतो. वापरलेला एमओए स्कोप पाहिला तर खरा आहे की नाही, कसं ओळखू?

प्रतिसाद १:
टेपने मोजून बरोबर १०० यार्डांवर उंच कागद लावा, ओळंब्याने उभी रेघ मारा. तळाशी नेम धरून गोळ्या झाडा, मग ३० एमओए वर फिरवून त्याच बिंदूवर नेम धरून पुन्हा झाडा. दोन गटांमधलं अंतर ३१.४ इंच आलं पाहिजे. नेमकं ३० आलं, तर टरेट १०० यार्डांवर एक इंच धरून बनवलेत, एमओए नुसतं नावाला. हजार यार्डांवर हाच फरक १४ इंचांचा होतो. नेम धरताना रेटिकलची उभी रेघ कागदावरच्या रेघेशी जुळवा; तरी गोळ्या त्या रेघेवरून बाजूला सरकल्या, तर रेटिकल आणि टरेट एका रेषेत नाहीत.