कॅलिफोर्नियात अप्रेझर (मालमत्ता मूल्यांकक) परवान्याचे पहिले नूतनीकरण: ५६ तासांचा हिशेब कसा धरावा?

प्रश्न (फ्रीमाँट):
मी मूळचा सिव्हिल इंजिनिअर असून सध्या कॅलिफोर्नियात घरांच्या मूल्यांकनाचे काम करतो. माझ्या परवान्याची दोन वर्षांची मुदत लवकरच संपत आहे. निरंतर शिक्षणाचे ५६ तास चार वर्षांत पूर्ण करायचे असल्यामुळे या खेपेस अर्ज आणि शुल्क भरले की पुरे, असे एक सहकारी सांगतात. परवाना घेताना मी ‘यूएसपॅप’चा (अमेरिकेतील मूल्यांकनाच्या व्यावसायिक मानकांचा) १५ तासांचा अभ्यासक्रम केला होता आणि त्या मानकांची २०२४ ची आवृत्ती अद्याप लागू आहे, तरीही ७ तासांचा अभ्यासक्रम करावाच लागेल का? भारतात नोंदणीकृत मूल्यांकक म्हणून घेतलेले प्रशिक्षण येथे धरले जाते का?

उत्तर १ (सॅक्रॅमेंटो):
आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. ५६ तासांचा हिशेब चार वर्षांचा असला, तरी ‘यूएसपॅप’चा ७ तासांचा राष्ट्रीय अभ्यासक्रम दर दोन वर्षांनी करावाच लागतो आणि १५ तासांचा अभ्यासक्रम त्याची जागा घेऊ शकत नाही. २०२४ च्या आवृत्तीला समाप्तीची तारीख नसल्यामुळे अनेकांचा आपल्यासारखाच समज होतो. पण आवृत्ती कायम राहिली म्हणून अभ्यासक्रमाची सक्ती संपत नाही. याखेरीज राज्य व संघराज्य कायद्यांवरील ४ तासांचा अभ्यासक्रम चार वर्षांतून एकदा लागतो.

उत्तर २ (सॅन होजे):
वरील उत्तरात एक भर घालतो. मूल्यांककांचे निकष ठरवणाऱ्या अप्रेझल फाउंडेशन या संस्थेच्या पात्रता मंडळाने १ जानेवारी २०२६ पासून मूल्यांकनातील पूर्वग्रह आणि समन्यायी गृहनिर्माण कायदे (घरांच्या व्यवहारात भेदभावाला मनाई करणारे) हा विषय अनिवार्य केला आहे. पहिल्या वेळी ७ तास आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी ४ तास. हे किमान निकष असून राज्याला त्यांहून कडक नियम करता येतात, कमी मात्र करता येत नाहीत, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी परवाने देणाऱ्या राज्याच्या अप्रेझर ब्युरोची अटींची चालू यादी पाहावी.

उरलेल्या तासांबाबत माझे मत नेहमीच्या रीतीपेक्षा थोडे वेगळे आहे. मुदत तोंडावर आली की लोक सर्वांत स्वस्त ऑनलाइन अभ्यासक्रम उरकून तास भरतात, आणि दोन तासांहून लहान कार्यक्रम किंवा त्याच चक्रात आधी केलेला अभ्यासक्रम धरला जात नाही हे नंतर कळते. त्यापेक्षा ज्या प्रकारच्या अहवालांवर बँकेचे तपासनीस आपल्याला वारंवार शंका विचारतात, तो विषय निवडावा; तुलनीय विक्रीतील (तशाच घरांच्या अलीकडच्या विक्रीतील) फरकांचे समायोजन पुराव्यानिशी कसे मांडावे, यावर घालवलेला दिवस वाया जात नाही.

उत्तर ३ (पुणे):
भारतातील प्रशिक्षणाविषयी: येथील नोंदणी कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४७ आणि २०१७ च्या नियमांखाली होते. त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेचा ५० तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा असते, आणि पुढील निरंतर शिक्षणही त्या संघटनांमार्फतच चालते. ही चौकट अमेरिकेतील परवान्याशी जोडलेली नाही. आपल्या राज्याने मान्य केलेल्या संस्थेचा आणि अभ्यासक्रमाचा दाखला नसेल, तर तास कितीही असोत, ते जमेस धरले जाणार नाहीत.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. ७ तासांच्या अभ्यासक्रमासाठी या आठवड्यात नाव नोंदवतो. पूर्णतेचे प्रमाणपत्र मुदत संपण्यापूर्वीच्या तारखेचे असावे लागेल, असे मी गृहीत धरतो.

उत्तर १ (सॅक्रॅमेंटो):
होय, आणि अर्ज मंजूर झाल्यावरही ते प्रमाणपत्र जपून ठेवावे. पडताळणीसाठी ब्युरो ते नंतरही मागवू शकतो.