मदत हवी आहे: क्यूबेकमधल्या लोहार पूर्वजाचं फ्रान्समधलं गाव कसं शोधावं?

नमस्कार मंडळी,

मुलगा मॉन्ट्रियलला असतो, सून तिथलीच, फ्रेंचभाषक. तिच्या माहेरचा मूळपुरुष १६६०च्या दशकात फ्रान्सहून जहाजाने आला. निवृत्तीनंतर मी त्याच्या मागे लागलोय. (आडनाव देत नाही, घराण्यातली बरीच माणसं हयात आहेत.)

क्यूबेककडची साखळी पक्की आहे. चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीत वर-वधू दोघांच्या आईवडिलांची नावं असतात आणि बायका कागदोपत्री माहेरचंच आडनाव लावतात, त्यामुळे सुनेपासून वर चढत जाणं अवघड गेलं नाही. मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या लोकसंख्या संशोधन प्रकल्पाच्या माहितीसाठ्याशीही ताडून पाहिलं. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत जेवढं सापडतं त्यापेक्षा हे कितीतरी सलग आहे.

अडलंय ते मूळपुरुषापाशीच. १६६६ साली वसाहतीचा राजनियुक्त प्रशासक झां तालोंने केलेल्या शिरगणतीत तो दुसऱ्याच्या घरी नोकर आहे आणि धंदा लिहिलाय कुऱ्हाडी, विळे, कुदळी घडवणाऱ्या लोहाराचा. १६८१च्या शिरगणतीत धंद्याचा पत्ताच नाही. नुसती बायको-मुलं, एक बंदूक, चार गुरं आणि आठ आर्पां (जुनं फ्रेंच जमीनमाप) लागवडीची जमीन. मग वाटलं, लोहारकी सोडून शेती धरली असेल. पण त्याच्या मृत्यूनंतर नोटरीने केलेली घरातल्या मालाची यादी मिळाली. सुनेने ती अक्षर लावून वाचली, तर त्यात ऐरण, भाता ('जुना, ठिगळ लावलेला'), दोन घण, चिमटे आणि वजन करून लिहिलेलं मोडीचं लोखंड! म्हणजे भट्टी शेवटपर्यंत पेटत होती.

आता प्रश्न:

तो काम फ्रान्समध्ये शिकून आला की क्यूबेकला येऊन शिकला, हे कुठल्या कागदावरून कळेल? त्याला सैनिकी थाटाचं एक उपनावही आहे, तर १६६५ला आलेल्या राजाच्या कारिन्यां-सालियेर पलटणीतला असू शकेल का? आणि लग्नाच्या नोंदीत त्याचा ठिकाणा फक्त 'ला रोशेलचा बिशपप्रांत' एवढाच आहे. पुढे गावाचं नाव आहे, पण शाईच्या डागात गेलंय. ला रोशेल शहरातल्या चर्चच्या वह्या ऑनलाइन चाळल्या, काही हाती लागलं नाही.

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

काका, पलटणीचं डोक्यातून काढून टाका. १६६६च्या शिरगणतीत राजाचं सैन्य धरलेलंच नव्हतं, त्यातली ३,२१५ माणसं सगळी वसाहतीतली. तुमचा माणूस त्यात नोकर म्हणून आहे, म्हणजे बहुधा करारावर आलेला. असे करार साधारण तीन वर्षांचे असत, म्हणून या लोकांना 'छत्तीस महिन्यांवाले' म्हणत. सैनिकी थाटाची उपनावं बिगर-सैनिकांनाही सर्रास होती.

गावाबाबत: बिशपप्रांत म्हणजे शहर नव्हे. ला रोशेलचं बिशपपद १६४८ साली मायझेहून तिथे हलवलं, त्यामुळे त्या प्रांतात शेजारच्या पोआतू प्रदेशाचा बराच भाग आला, फोंतने-ल-कोंतचा परिसर धरून. तेव्हा शारांत-मारितिम (ला रोशेल ज्यात येतं तो आजचा जिल्हा) सोबत वांदे जिल्ह्याचं दप्तरही उघडा. चर्चच्या वह्यांचे स्कॅन फुकट आहेत. एक इशारा: वहीची दुसरी प्रत ठेवण्याची सक्ती नीट लागू झाली १६६७नंतर. त्याचा जन्म १६४०च्या आसपासचा असेल तर एकच प्रत, आणि ती गेली असेल तर गेली.

शिकण्याबाबत: मी आधी करार शोधीन. ला रोशेलच्या नोटऱ्यांचे करार शारांत-मारितिमच्या दप्तरात आहेत. त्यात धंदा, पगार आणि बहुतेकदा गावही असतं. साध्या मजुरापेक्षा पगार चांगला जास्त दिसला तर माणूस शिकलेला होता असं धरायला हरकत नाही. 'उस्ताद' असल्याचा दाखला मात्र शोधत बसू नका. वसाहतीत कारागिरांच्या पंचायती नव्हत्या. उलट वसाहत चालवायला नेमलेल्या कंपनीच्या १६२७च्या सनदेत कलमच होतं की, सहा वर्षं तिकडे धंदा केलेल्या कारागिराला फ्रान्सला परतल्यावर उस्ताद मानायचं.

१६८१च्या शिरगणतीत धंदा नाही याचं फार मनावर घेऊ नका. जमीन असली की माणूस शेतकरी म्हणूनच लिहिला जाई, भट्टी घराच्या मागे चालूच.

लग्नाचा नोटरीकडचा करार पाहिलात का? तो चर्चच्या नोंदीहून वेगळा असतो आणि त्यात गाव पुन्हा लिहिलेलं सापडतं. साक्षीदारांची नावंही बघा, त्यात दुसरा एखादा लोहार निघाला तर तोच त्याचा मालक असायची शक्यता आहे.

धागाकर्ता

लग्नाचा करार पाहिलेलाच नाही, चर्चची नोंद मिळाल्यावर तिथेच थांबलो होतो. सुनेला आजच सांगतो. वांदेच्या वह्या वाचायला सुरुवात करतोय, फोंतनेच्या आसपासची कुठली गावं आधी घ्यावीत, तेवढं सुचवाल का?