रि: रि: पोकिप्सी बस – डिपॉझिट शुक्रवारपर्यंत!!

मंडळी,
बसवाल्याचा आज परत फोन. पोकिप्सीला आनंदीबाई जोशींच्या समाधीला जायचं ते 26 फेब्रुवारी की 31 मार्च, एक काय ते सांगा म्हणतो. माझं मत मार्च. आनंदीबाईंचा वाढदिवस, थंडी कमी, पोरंटोरं येतील. फेब्रुवारीत स्नो आला की गेल्या वेळसारखे पैसे बुडायचे.
– सेक्रेटरी

काका, प्लीज फेब्रुवारीच ठेवा. आपली डॉक्टर आनंदीबाईंच्या पुण्यतिथीलाच जायची. तेव्हा बसबिस नव्हती, आम्ही दोघी नाइट शिफ्ट संपवून ग्रँड सेंट्रलहून ट्रेन धरायचो, दोन तास, आणि हडसनच्या बाजूची खिडकी ती मला कध्धी द्यायची नाही. पहिल्या वर्षी कार्पेंटर कुटुंबाच्या (आनंदीबाई अमेरिकेत ज्यांच्याकडे राहिल्या ते) प्लॉटमधला आनंदीबाईंचा दगड बर्फाखाली, हिने पर्समधून गाडीचा स्क्रेपर काढला (मुद्दाम आणलेला!) आणि एकेक अक्षर मोकळं करत बसली. आनंदीबाईला मार्च 1886 ला डिग्री, फेब्रुवारी 1887 ला पुण्यात वारली, कोल्हापूरच्या हॉस्पिटलात वॉर्ड मिळालेला तोही सांभाळता आला नाही, एवढं बोलून गप्प झाली. मग म्हणाली, एकविसाव्या वर्षी ही डॉक्टर होऊन गेली पण, आपण अजून पार्किंग शोधतोय. आपल्या डॉक्टरला तरी 38 च वर्षं मिळाली. लॉकरवरची तिची नावाची पट्टी अजून कोणी काढली नाहीये, मीही नाही.
– लॅबवाली

वाचून गलबललं गं. पण पिकअप फक्त एडिसनलाच का? पार्सिपनीवाल्यांनी पहाटे पाचला उठायचं का दर वेळी?
– अण्णा

अण्णा, गेल्या वेळी पार्सिपनीहून तीन जण होते, त्यातले दोन तुमच्या घरचे.
– सेक्रेटरी

एक मिनिट. ट्रिपची तारीख सांस्कृतिक कमिटी ठरवते, परस्पर लिस्टवर कशाला? आणि बॅनरवर 'पहिली भारतीय महिला डॉक्टर' नको, कादंबिनी गांगुलींनाही कलकत्त्यात 1886 लाच डिग्री मिळाली, बंगाली मंडळी हसतील आपल्याला. आपल्या डॉक्टरचा फोटो बॅनरवर घालायचा का, हेही मीटिंगमध्ये बोलू.
– सांस्कृतिक

बॅनरच नको. तिला बॅनरचा राग यायचा, गणपतीत कोण भांडलं होतं आठवतंय ना.
– लॅबवाली

माझ्याशीच भांडली होती. आणि तिचंच बरोबर होतं, स्पेलिंग चुकलं होतं. बरं, नको बॅनर.
– सांस्कृतिक

मी फेब्रुवारीला येते. वडे करू का साबुदाणा? गाडीत वडे गार होतात. शिवाय तिला साबुदाणा आवडायचा नाही, म्हणायची ऑपरेशन थिएटरमध्ये चालेल असा गोंद आहे.
– काकू

काकू, वडेच. काका, डिपॉझिटचा चेक मी देते, स्नोमुळे बुडाले तर माझे बुडू देत. स्क्रेपर माझ्याकडेच आहे.
– लॅबवाली

बरं. 26 फेब्रुवारी. एडिसनहून सकाळी सहा म्हणजे सहा.
– सेक्रेटरी

आणि पार्सिपनी?
– अण्णा