मदत हवी आहे : रोमन छावणीतील तिजोरीची किल्ली कोणाकडे असे?

नमस्कार. रोमन सैन्यातील कुलुपांविषयी टिपणे काढताना दोन मुद्द्यांवर जाणकारांची मदत हवी आहे.

ब्रिटनमधील रोमन सम्राट हेड्रियनच्या संरक्षक भिंतीवर चेस्टर्स येथे, किल्ल्याच्या मुख्यालयात जेथे पलटणीची निशाणे ठेवली जात त्या भागात, पायऱ्या उतरून जाण्याचे कमानदार दगडी तळघर आजही शाबूत आहे. पलटणीचा पैसा तेथे असे. १९व्या शतकात ते उजेडात आले, तेव्हा लोखंडाने मढवलेले ओकचे दारही सापडले, पण दुर्दैवाने ते लगेच मोडून पडले. सैनिकांच्या ठेवींचा हिशेब निशाणधारक ठेवत, असे रोमन युद्धशास्त्रावर लिहिणारा लेखक वेगेशियस सांगतो. मग किल्लीही त्यांच्याच ताब्यात असे, की वरिष्ठ अधिकाऱ्याकडे? याला शिलालेखाचा किंवा पत्राचा आधार कोठे मिळेल?

दुसरा मुद्दा असा : रोमन सरक-कुलुपात किल्लीचे दाते अडसराच्या भोकांत पडलेल्या खुंट्या वर ढकलत आणि मग तीच किल्ली बाजूला सरकवली की अडसर हलत असे. उत्खननात असे कांस्याचे अडसर सुटे मिळतात, तेव्हा ते दाराचे की सैनिकाच्या पेटीचे, हे निव्वळ आकारावरून ठरवणे मला धाडसाचे वाटते. आणखी कोणत्या खुणा पाहाव्यात?