मदत हवी आहे: फायनल फँटसी फोर, लढाई सुरू झाली की माणसं हलतच नाहीत

रबाळे_रिटर्न
लवकर मदत हवी आहे. फायनल फँटसी फोर खेळतोय. आतापर्यंत मस्त चालू होता, आता लढाई सुरू झाली की सेसिल आणि सिड ठोंब्यासारखे उभे. कमांडच येत नाही. यांग तेवढा लाथा घालतो आणि म्हातारा मंत्र मारतो, बाकी नुसता मार खायचा. बंद करून परत चालू केला, तेच. कार्ट्रिज सेकंडहँड घेतलंय, विकणारा म्हणाला "माझ्याकडे चालत होता" आणि आता फोन उचलत नाही. पैसे परत मागायचे तर या शनिवारच्या आत मागायला हवेत. कार्ट्रिज गेलंय का, एवढंच सांगा. गुगल कर म्हणू नका, करून झालंय.

नौपाड्याचा_नाना
कॅसेट काढा, खालच्या पट्टीवर दोनदा जोरात फुंकर मारा, परत घाला. आमचा टीव्हीला लावायचा व्हिडिओगेम याच फुंकरीवर दहावीपर्यंत चालला.

सोल्डरमास्तर
नाना, कृपा करा. फुंकर मारू नका. तोंडातली वाफ पट्टीवर बसते आणि पुढे पट्टी काळी पडते. इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसा, नीट सुकू द्या, मग घाला. ९९ टक्केवालं घ्या. आणि धागाकर्ते, मशीन कुठलं ते तरी लिहा. निन्टेंडोचं डीएस, डीएस लाइट की थ्रीडीएस? थ्रीडीएसमध्येही डीएसची कार्ट्रिजं चालतात.

नौपाड्याचा_नाना
मास्तर, तुमच्या ९९ टक्क्याच्या बाटलीत नवीन गेम येईल.

पिक्सेलपंत
मशीन राहू द्या, आधी आवृत्ती कोणती ते कळू दे. या एका गेमच्या इतक्या आवृत्त्या आहेत की नुसतं 'फोर' म्हणून काही कळत नाही. मूळ निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम मशीनचा, जुलै १९९१. तोच अमेरिकेत 'टू' या आकड्याने विकला, कारण मधले दोन तिकडे गेलेच नव्हते. मग प्लेस्टेशनचा, गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचा, डीएसचा थ्रीडी, पीएसपीचा कम्प्लीट कलेक्शन, आणि २०२१चा पिक्सेल रीमास्टर. डीएसवालाच पुढे फोनवर आणि स्टीमवरही आला. यातला कोणता?

रबाळे_रिटर्न
कार्ट्रिज म्हटलं ना? फोनला कार्ट्रिज लावतात का?

पिक्सेलपंत
गेमबॉय अ‍ॅडव्हान्सलाही कार्ट्रिजच लागतं. आणि डीएस लाइटच्या खालच्या खाचेत ते बसतं. म्हणून विचारलं.

रबाळे_रिटर्न
थ्रीडी आहे. माणसं तोंडाने बोलतात. एका स्क्रीनवर नकाशा आपोआप काढला जातो. झालं समाधान?

खाडीपलीकडचा
म्हणजे डीएसचा. मॅट्रिक्स सॉफ्टवेअरने बनवलेला, जपानमध्ये डिसेंबर २००७ला आणि अमेरिकेत जुलै २००८ला आला. तुमच्याकडे जपानी कार्ट्रिज तर नाही? दुसऱ्या देशाचं असेल तर अडकत असेल.

सोल्डरमास्तर
डीएसच्या कार्ट्रिजला रीजन लॉक नसतो. आणि असता तर गेम सुरूच झाला नसता. अर्ध्या वाटेत दोनच माणसांचे हातपाय बांधणारं रीजन लॉक मी तरी पाहिलेलं नाही.

खाडीपलीकडचा
नकली असेल मग. नकली कार्ट्रिजं अशीच मध्येच दगा देतात. लेबल चकचकीत आहे का? छपाई फुसकी आहे का? फोटो टाका.

रबाळे_रिटर्न
ट्रेनमध्ये उभा आहे, फोटो कुठून टाकू. ठाण्याच्या नऊ नंबर फलाटावरून गाडी सुटली की ऐरोलीपर्यंत श्वास घ्यायला जागा नसते.

दिघ्याचा_पक्या
ट्रान्सहार्बर लोकलला उभं राहून डीएस खेळता म्हणजे तुम्हाला साष्टांग. मी २०२४ला दिघा गाव स्टेशन सुरू झालं तेव्हा वाटलं होतं की आता सुखाने चढता येईल. गाडी ठाण्याहूनच भरून येते, आम्ही नुसते बघत राहतो.

मिनीची_आई
या गेममध्ये इंग्रजी वाचायला लागतं का हो? माझी मुलगी सातवीत आहे, तिची वाचनाची गोडी वाढावी म्हणून विचारते. दिवसातून किती वेळ खेळू द्यावं?

दिघ्याचा_पक्या
ताई, गाडी उशिरा आली तर तीन तास.

घणसोलीची_वर्षा
सगळे कार्ट्रिजच्या मागे लागलात, पण त्यांनी लक्षणं नीट लिहिली आहेत. सेसिल आणि सिड अडकतात, यांग आणि टेला चालतात. कार्ट्रिज खराब असतं तर ते माणसं निवडून खराब झालं नसतं. @रबाळे_रिटर्न, हे सगळ्या लढायांत होतं की एकाच ठिकाणी? गेममध्ये आत्ता कुठे आहात?

रबाळे_रिटर्न
ट्रॉयाच्या वरच्या अंगाला बेटावर गुहा आहे, काळ्या कोंबड्यावर बसून जावं लागतं, तिथे. बाहेर बरोबर चालतात. गुहेत शिरलं की बंद. म्हणून तर म्हणतोय, तेवढाच भाग खराब असेल.

घणसोलीची_वर्षा
कार्ट्रिज ठणठणीत आहे. ती चुंबकाची गुहा आहे. अंगावर लोखंड असलेला माणूस लढाईत जखडला जातो. सेसिलची तलवार, ढाल, चिलखत, शिरस्त्राण, सगळं धातूचं. सिडचंही तसंच. यांग पंज्यांनी लढतो आणि टेला अंगरख्यात हिंडतो, म्हणून ते दोघे सुटतात. हे ट्रॉयाच्या किल्ल्यात सांगतात, बहुतेक तुम्ही बटण दाबत पुढे गेलात.

आता करायचं असं. गुहेतून बाहेर या. ट्रॉयाच्या दुकानात धनुष्य आणि बाण मिळतात, ते सेसिलला द्या. धनुष्य एका हातात, बाण दुसऱ्या हातात. दोन्ही घातल्याशिवाय बाण सुटत नाही, म्हणजे ढाल ठेवायला हात उरत नाही. सिडला लाकडी हातोडी. अंगावर फक्त चामडं आणि कापड. काढलेली तलवार विकू नका, लागणार आहे.

रबाळे_रिटर्न
सेसिलला ढाल नाही, तलवार नाही, चिलखत नाही. एवढ्या कष्टाने पॅलाडिन, म्हणजे पवित्र योद्धा, केला तो काय धनुष्य घेऊन फिरायला?

पिक्सेलपंत
हाच तर या गुहेचा मुद्दा आहे. आतापर्यंत दुकानात सर्वांत महाग जे दिसेल ते घालत आलात ना? इथे ते चालत नाही. १९९१च्या मूळ गेमपासून ही गुहा अशीच आहे. त्या गेममध्ये हिरोयुकी इतो यांची एटीबी पद्धत पहिल्यांदा आली, म्हणजे तुम्ही विचार करत बसलात तरी शत्रू थांबत नाही. त्यात चौघांतले दोघे जखडलेले. डीएसमध्ये तर शत्रू आणखी जोरात मारतात. खरं सांगू? मूळ पिक्सेलचाच खेळा. त्या थ्रीडी बाहुल्यांची डोकी बघून मला गणपतीच्या कारखान्यातल्या अर्धवट मूर्ती आठवतात.

घणसोलीची_वर्षा
पंत, तुमचं सुरू झालं. डोकी मोठी आहेत, मान्य. पण मूळ गेम बनवणारे ताकाशी तोकिता या डीएसवाल्याच्याही कामात होते, कोणी परक्याने येऊन वाट लावलेली नाही. आणि बोलणारी माणसं डीएसमध्येच आहेत. सेसिलचा मित्र काइन काय म्हणतो त्यापेक्षा कसा म्हणतो ते ऐकून कळतं की हा गडी सरळ नाही.

पिक्सेलपंत
ते पिक्सेलमध्येही कळायचं. मान खाली घालून उभा राहायचा, बस.

सोल्डरमास्तर
तरी एकदा पट्टी पुसून घ्या. सेकंडहँड आहे, नुकसान काही नाही.

तलावपाळी_तल्लख
@रबाळे_रिटर्न, लगे हाथ ऑगमेंटचं सांगतो, हे फक्त डीएसच्या या रीमेकमध्ये आहे. ऑगमेंट म्हणजे एखाद्याला दिली की कायमची त्याची होणारी कला. मिळतील तसे सगळे सेसिलला चारत असाल तर थांबा. आत्ता तुमच्याबरोबर टेला आहे, त्याला द्या. तो जाताना मागे जास्त ऑगमेंट ठेवून जातो.

रबाळे_रिटर्न
जाताना म्हणजे? कुठे जातो?

खाडीपलीकडचा
अहो तल्लख!! स्पॉइलर!

तलावपाळी_तल्लख
काय स्पॉइलर? गेम १९९१चा आहे. तेव्हा जन्मलेल्या पोरांची लग्नं होऊन त्यांची पोरं आता गेम खेळतायत.

खाडीपलीकडचा
पण हा माणूस आज खेळतोय. त्याच्यासाठी गेम आजचाच.

तलावपाळी_तल्लख
मग ऑगमेंटचा सल्ला द्यायचा कसा? या रीमेकने गोची अशी करून ठेवली आहे की चांगला खेळायचा तर कोण राहतो आणि कोण जातो हे आधीच माहीत हवं. पहिल्या फेरीत कोणालाच ते माहीत नसतं, म्हणून सगळे चांगले ऑगमेंट सेसिलच्या घशात जातात. न्यू गेम प्लसमध्ये, म्हणजे गेम संपवून परत पहिल्यापासून खेळताना, कळतं आपण काय घालवलं.

घणसोलीची_वर्षा
हे मात्र खरं आहे, मलाही या पद्धतीचा राग येतो. मध्यम मार्ग काढू. @रबाळे_रिटर्न, जे सोबती येऊन-जाऊन असतात त्यांच्यावर ऑगमेंट खर्च करायला कचरू नका. कारण विचारू नका.

रबाळे_रिटर्न
टेला मरतो का? सरळ सांगा.

दिघ्याचा_पक्या
दादा, तुम्ही तुर्भ्याला उतरता ना? उतरा.

नौपाड्याचा_नाना
मी विचारतो, या डीएसची बॅटरी किती टिकते? माझ्या पुतण्याची पडून आहे, आता फुगली आहे. तशीच चार्ज केली तर चालेल का?

सोल्डरमास्तर
नाना, फुगलेली बॅटरी चार्ज करू नका. तशीच काढा, टोचू नका, दाबू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, घरच्या डब्यात नको. डीएस लाइटची बॅटरी एका स्क्रूच्या झाकणाखाली असते, बदलायला सोपी आहे. मला वेगळा मेसेज करा.

रबाळे_रिटर्न
बरं. धनुष्य घेतलं, हातोडी घेतली. आता सगळे हलतात, गुहा सरळ गेली. पण शेवटी तो डार्क एल्फ आहे, त्याने चौघांना उभं आडवं केलं. एकदा नाही, दोनदा. गेम ओव्हर. त्याला माझ्या बाणाचा काही फरकच पडत नाही. लेव्हल कमी आहे का? किती हवी?

पिक्सेलपंत
लेव्हल किती आहे ते आधी सांगा.

खाडीपलीकडचा
सेव्ह पॉइंटपाशी फिरून दहा लेव्हल वाढवा. मी तसंच केलं होतं.

घणसोलीची_वर्षा
लेव्हल नका वाढवत बसू. ट्रॉयाच्या किल्ल्यात एडवर्डला भेटलात का?

रबाळे_रिटर्न
तो रडका राजपुत्र? तो जहाज बुडालं तेव्हा गेला ना?

घणसोलीची_वर्षा
नाही गेला. वाहत ट्रॉयाला लागला, किल्ल्यात अंथरुणाला खिळून आहे. सगळ्या खोल्या बघा. तो तुम्हाला एक झाडाची काडी देतो, व्हिस्परवीड, तिच्यातून इकडचा आवाज तिकडे जातो. ती जवळ नसेल तर डार्क एल्फ हरत नाही, लेव्हल कितीही असू दे. ती असेल तर काय होतं ते बघाच, मी सांगत नाही. त्यानंतर लोखंड चालतं, म्हणून तलवार विकू नका म्हटलं होतं. त्यानंतर तो ड्रॅगन होतो, तेव्हा बाणांवर राहू नका.

खाडीपलीकडचा
अरेच्चा. मी दहा लेव्हल वाढवल्या आणि मग सहज किल्ल्यात गेलो होतो. मला वाटलं लेव्हलमुळे झालं.

पिक्सेलपंत
एडवर्डला सगळे हसतात. लढाईत लपतो म्हणून. पण या गुहेत चौघांना वाचवतो तोच, तेही अंथरुणातून. उएमात्सुंचं संगीत कुठे ऐकायचं असेल तर इथे ऐका. ट्रेनमध्ये नको, इअरफोन लावून घरी.

मिनीची_आई
म्हणजे गोष्ट चांगली आहे तर. पण मारामारी फार आहे का?

घणसोलीची_वर्षा
ताई, मारामारी आहे, रक्तबिक्त नाही. वाचन भरपूर आहे. पण इंग्रजी जरा जुन्या वळणाचं आहे, राजदरबारी थाटाचं. सातवीत अडेल. तुम्ही शेजारी बसून पहिले दोन तास वाचून दाखवलंत तर पुढे ती तुम्हाला बसू देणार नाही. आणि हा डीएसवाला तिला देऊ नका, पिक्सेल रीमास्टर द्या, तो सोपा आहे. हे मी म्हणतेय, पंतांनी उड्या मारू नयेत.

पिक्सेलपंत
मारल्या.

रबाळे_रिटर्न
झालं. एडवर्ड किल्ल्यात सापडला, काडी मिळाली, एल्फ पडला, ड्रॅगनही पडला. क्रिस्टल घेऊन निघालोय. एडवर्डची वीणा वाजली तेव्हा कोपरखैरणे स्टेशन गेलं, कळलंच नाही. टेलाला दोन ऑगमेंट दिले. म्हातारा बघतोय माझ्याकडे, का देतोय ते त्याला पण माहीत नाही. पुढे काय?

तलावपाळी_तल्लख
पुढे मनोरा. तिथे तीन बहिणी एकदम येतात. त्यातली जाडी, सिंडी, तिला आधी घ्या, ती बाकीच्या दोघींना उठवत बसते. उंच आणि बुटकी नंतर.

खाडीपलीकडचा
आणि त्याच्या पुढचं कोणी काही लिहू नका.

तलावपाळी_तल्लख
मी काही लिहिलं का?

नौपाड्याचा_नाना
गेम चालतोय म्हणजे पैसे परत मागायचे नाहीत ना? संपल्यावर विकायचा झाला तर मला सांगा. बॅटरी नवीन टाकतोय पुतण्याच्या मशीनमध्ये. ठाण्याला नऊ नंबरवर येऊन घेईन.

रबाळे_रिटर्न
नाना, न्यू गेम प्लस आहे म्हणतात यात. रांगेत उभे राहा.